न मागितलेली तराई

इरावती दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर आली आणि तिचं डोकंच फिरलं. तिनं चाचणीसाठी बनवलेल्या फरश्यांवरचं प्लास्टिक कोपऱ्यात फेकलेलं, अन् फरश्यांवर चक्क ओली पोती! एक पोतं उचललं तर खाली पांढरी, खारवट पुटं.

"बाबा! यांना पाणी कोणी मारलं?"

"मी. दुसरं कोण मारणार?" प्रल्हादराव शाबासकी घ्यायलाच वर आले होते. "तू सिहोऱ्याला परीक्षेच्या ड्यूटीवर, अन् इकडे हे ऊन. बिचाऱ्या तापून राहिल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ तराई केली बघ."

आता बोला! बाबा बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. तराई, म्हणजे ओतलेल्या सिमेंटला रोज पाणी पाजणं, हाच त्यांचा धर्म. कुणाचं घर बांधताना दिसलं की हे रस्त्यावरूनच ओरडणार, "भैया, तराई हुई?" पण या फरश्यांत सिमेंट होतंच कुठे? वीजकेंद्राची राख, तिला बांधणारं क्षारांचं द्रावण आणि काळा बेसाल्ट वितळवून काढलेले बारीक तंतू. अशा फरशीला ऊब लागते, झाकण लागतं. कोवळी असताना वरून पाणी ओतलं की तो बांधणारा क्षारच धुऊन जातो. जाताना तिनं दहादा बजावलं होतं, हात लावू नका म्हणून. पण ऐकतो कोण? मुलीच्या कामात विचारण्यासारखं काय असतं!

अन् चाचणी आजच. फरशीनं ठरलेलं वजन पेललं तर पनागरच्या भाजीबाजारातल्या नाल्यांवर या फरश्यांचीच झाकणं बसणार, नाही तर तीन वर्षांचं काम बंद. ती शिकवायची त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विभागप्रमुखांनी, शैलेंद्र सरांनी, तसं तोंडावर सांगितलं होतं. चाचणी पुढे ढकला म्हणून तिनं फोन केला, तर म्हणाले, चाचणी बघायला बाहेरची मंडळी आली आहेत, आता काही होत नाही.

बाबांनीच गाडी काढली, फरश्या नेल्या, आणि कॉलेजात मानाच्या खुर्चीवर बसले.

यंत्रानं दाब द्यायला सुरुवात केली. अर्ध्या वजनालाच फरशी तडकली. तुकडे मात्र पडले नाहीत. तंतूंनी दोन्ही भाग गच्च धरून ठेवले होते. पण ते बघायची इच्छा तर हवी!

"चलो, फेल," सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

"सर, मी नव्हते तेव्हा घरी हिची तराई झाली. बाबांनी केली. त्यानंच कच्ची राहिली."

"मॅडम, तराईनं कधी काही कच्चं राहतं का?" सर हसले. "आम्ही साहेबांच्या हाताखाली शिकलो. साहेब, आप ही बताइए."

सगळे बाबांकडे बघू लागले. चूक माझी, एवढे दोन शब्द पुरेसे होते. बाबांनी चष्मा पुसला.

"पोरगी मेहनती आहे," ते म्हणाले, "पण या नव्या मटेरियलचा काही भरवसा नाही."

इरावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्यानं म्हटलं असतं तर तिनं तिथल्या तिथे सुनावलं असतं. सख्ख्या बापानंच, भर सभेत, स्वतःची चूक लेकीच्या पदरात टाकली होती. तडकलेली फरशी छातीशी धरून ती बाहेर पडली.

गाडी फाटकाबाहेर आली. मग बाबांनी घसा खाकरला.

"इरा, काहून नाही चालत गं त्याला पाणी?"

तीन वर्षांत तिच्या कामाबद्दलचा बाबांचा हा पहिला प्रश्न! तिला रडूही आलं आणि संतापही आला.

"गाडी वळवा, बाबा."

"अगं, आता कुठे?"

"परत आत. जे मला विचारून राहिलात ना, तेच तिथे सगळ्यांसमोर विचारा. मग सांगते."

बाबांनी गाडी रस्त्यातच थांबवली. मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. इरावतीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. शेवटी बाबांनी गाडी वळवली.