मरळीची पिल्लं

"शेटजी, टाकीतले मासे कोन खाऊन राह्यलं?"

अकोल्यातल्या त्या कापडदुकानात अलीझानं सगळ्यांसमोर विचारलं. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज तिच्या वर्गातल्या रुबीना-रागिणीनं लावली होती. आता दोघी साड्यांच्या ढिगाआड तोंड दाबून हसत होत्या.

दारातली भिंतभर टाकी म्हणजे दुकानाची शान. कापसाचा भाव पडला, गिऱ्हाईक आटलं, तरी खेड्यातली माणसं मासे पाहायला म्हणून का होईना पायरी चढायची. काटेपूर्णा नदीतून मासे आणायचे, पाणी बदलायचं, काच घासायची, सगळं अलीझाच्या अब्बांकडं, अब्दुल सत्तारकडं. पण हल्ली मासे एकेक करून गायब होत होते. शाळेतल्या पोरी म्हणायच्या, "मज्जा आहे बाप्पा, तुह्या घरी रोज रस्सा!"

चंद्रभान शेटजी गादीवरून उठले. "तुह्या बापालेच विचार. बादली भरून नेते तो."

"मरळीची जोडी मारते शेटजी बाकीच्याले," काच घासता घासता अब्बा म्हणाले. "पिल्लं झाली ना तिले. जवळ आलं की फाडते."

पाण्यात लाल ठिपक्यांचा गोळा फिरत होता, त्याच्याखाली मनगटाएवढा जाड नर.

"पिल्लं? किडे पडले म्हन! चोर तो चोर, वरून शहाणपण!" शेटजींनी खाडकन थोबाडीत ठेवून दिली. अब्बांची टोपी टाकीत पडली. "सरक, मीच काढतो किडे."

बाही सारून त्यांनी हात पाण्यात घातला.

गोफणीतून गोटा सुटावा तसा नर सुटला. शेटजी किंचाळले. हात बाहेर आला तो करंगळीची कातडी लोंबत. रागानं त्यांनी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि पाण्यात खुपसला. एकदा. पुन्हा. मादीचं पोट फाटलं, पाणी लाल झालं. पुढचा घाव काचेवर! लोंढा गाद्यांवर, साड्यांवर, आणि नर फरशीवर तडफडतोय. शेटजींनी त्याच्यावर गज उगारला.

अलीझा गजाला लोंबकळली. त्यांनी तिला काचांवर ढकललं, तळहात चिरला, पण तिनं गज सोडला नाही. रुबीना-रागिणी धावल्या आणि तिघींनी मिळून तो हिसकून घेतला. अब्बा मात्र हात जोडून उभे, "माफ करा शेटजी, माफ करा."

ओढणीत गुंडाळून अलीझानं नर बादलीत टाकला. फुटक्या टाकीच्या तळाशी उरलेली पिल्लं जेवणाच्या डब्यानं उपसली.

घरी शकीला अम्मीनं तिच्या तळहाताला चिंधी बांधली. अब्बा खाली मान घालून बसले होते. "उद्या जाऊन पाय धरतो शेटजीचे. काम गेलं तर खायचं काय?"

अम्मी बादलीवर वाकली आणि दचकून मागं सरली. गजानं एक डोळा फुटलेला नर उसळून तिच्यावर आला होता. पिल्लांचा लाल गोळा पुन्हा त्याच्या डोक्यावर जमला होता.

अलीझा उठून उभी राहिली.

"पाय नाही धरायचे, अब्बा. त्या दुकानाची पायरी तुमी चढायची नाही. गावात टाक्या का तिथंच आहेत? शाळा सुटली की मी येईन तुमच्यासंग, दुसऱ्या दुकानांत विचारू. अन् उद्या पहिल्या गाडीनं याले अन् याच्या लेकरांले काटेपूर्णेत सोडून येऊ. आता रडू नका. मी ठरवलं."