पहिल्या वेचणीचा कापूस

खोलापूरच्या अलीकडे गावकऱ्यांनी स्वतःच्या हातानं केलेला एक गतिरोधक आहे. तेव्हा तिथं पाटी नव्हती, पांढरा पट्टा नव्हता. मुरूम टाकला, वरून डांबर ओतलं, झालं काम. मार्चमधल्या त्या बुधवारी सकाळी पावणेदहाला मी आमची जुनी कार त्याच्यावर अशी आदळवली, की शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचं, किशोरचं, डोकं छताला लागलं. (त्यांना मी कधी नावानं हाक मारत नाही. लिहिताना मारते, तेवढीच हौस.) गाडी पलीकडे उतरली, चार हात गेली आणि बंद पडली.

चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र करायचं, पण पेट घ्यायचं नाही.

"पंप गेला," किशोर म्हणाला. "चाल, वापस जाऊ दर्यापूरले."

"वापस जाचं नाव काढू नका," मी म्हटलं.

वापस जाऊन चालणारच नव्हतं. किशोरच्या किडन्या दोन वर्षांपासून काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करा, असं अकोल्याचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगतात: मंगळवार, गुरुवार, शनिवार. आम्ही दोनदाच जातो. गुरुवार किशोरनं स्वतःच कापला, आणि त्याचं कारण म्हणजे परतीची जीप. चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला बारा जणांत कोंबून बसवायचं, आणि वर दर्यापूरपर्यंतचा रस्ता. एकदा त्याला उलटी झाली, ती एका अनोळखी बाईच्या पिशवीवर. दुखण्यापेक्षा त्याला त्याची लाज जास्त वाटली. गेल्या महिन्यापासून तर तो म्हणत होता, "आता हप्त्यातून एकदाच जाऊ." एकदाच गेलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

म्हणून मी सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. जाताना तो शेजारी बसू शकतो, त्याच्याकडे लायसन आहे. पण येताना तो मागच्या सीटवर आडवा असतो, आणि शेजारी लायसनवाला नसेल तर शिकाऊ माणसानं गाडी हाकायची नाही, असा कायदा आहे. जानेवारीत मी परीक्षेत नापास झाले. रिव्हर्स घेताना गाडी बंद पडली. आज बारा वाजता अमरावतीला दुसरी परीक्षा होती आणि आजच माझ्या शिकाऊ परवान्याचा शेवटचा दिवस होता. आज हुकलं, की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे निदान महिना. तेवढा महिना किशोरकडे आहे की नाही, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं.

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. तिचे मालक नत्थुजी, सत्तरीचे, धोतराचा सोगा धरून आले. आधी गाडीकडे पाहिलं, मग स्टेअरिंगवर बसलेल्या माझ्याकडे.

"बाई चालवून राहिली होती काय? मंग क्लच जळला असंल."

"क्लच जळल्यावर इंजिन असं फिरते काय हो?" मी म्हटलं. "आन् हे उंटाची मदार रस्त्यावर कोनं बांधली?"

"आमीच. लेकरं शायेत जातात इथून." म्हाताऱ्यानं मान जरासुद्धा खाली घातली नाही. "ट्रॅक्टर लावतो, दर्यापूरले ओढून देतो. तवर चहा घ्या."

किशोरनं लगेच दाराचा खटका उघडला. त्याला सुटका हवी होती. मी हात लांबवून दार पुन्हा ओढून घेतलं आणि कुर्बानभाईला फोन लावला. दर्यापुरात आमची गाडी तेच दुरुस्त करतात. ते मोर्शीला साडूच्या घरी लग्नात होते, मागे बँड वाजत होता.

"वहिनी, चाबी अर्धी फिरवा. मागच्या सीटखालून घूं असा आवाज येते काय?"

मी कान लावला. "नाही येत."

"धक्का बसला होता काय?"

"बसला म्हंजे! यांच्या डोक्याले टेंगूळ आलं."

"मंग पंप मेला नसंल. या गाडीत एक बटन असते. जोराचा धक्का बसला का गाडीले वाटते, अपघात झाला. आग लागू नये म्हनून ते पेट्रोल तोडते. ते बटन दाबलं का झालं. पन कुठी हाय, ते मले आठोत नाही. पुस्तक पाहा. आन् एक आयका, आधी चाबी काढा, गाडीखाली वाका. पेट्रोलचा वास आला, थेंब दिसला, तर बटनाले हात नका लावू."

मी चावी काढली, पदर खोचला आणि सरळ डांबरावर आडवी झाले. खाली कोरडं होतं. वास होता तो फक्त तापलेल्या डांबराचा.

गाडीचं पुस्तक समोरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. दर दसऱ्याला आम्ही ते काढतो, गाडीबरोबर त्याचीही पूजा करतो आणि पुन्हा ठेवून देतो. अकरा दसरे त्यानं हळदकुंकू खाल्लं होतं, पण ते वाचलं कोणी नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली. इंग्रजी मला अडखळत येतं, पण चित्रं होती. नखानं पानं सोडवत सोडवत मी पोचले. डाव्या दाराजवळ, पाय ठेवायच्या जागी, बाजूच्या पत्र्याला बोट जाईल एवढं भोक. आत बटन.

डावीकडे, म्हणजे किशोरच्या पायापाशी.

मी पलीकडून दार उघडून वाकले. नुसतं करडं कापड. चाचपलं, वर पाहिलं, खाली पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"भोक नाही अठी," मी म्हटलं.

"नसंल. दुसऱ्या मॉडेलचं पुस्तक असंल," किशोर फार घाईनं म्हणाला.

बावीस वर्षांचा संसार आहे. हा माणूस घाईनं कधी बोलतो, ते मला पक्कं ठाऊक आहे.

"खरं सांगा."

तो आपल्या सुजलेल्या पायाकडे पाहत राहिला. "होतं भोक. मीच भरलं. गाडी आनली तवा सीतादही झाली होती. त्यातला कापूस."

कपाशीच्या पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. शेतात दहीभात ठेवून पूजा करायची आणि पहिला मूठभर कापूस घरात लक्ष्मी म्हणून जपायचा. आमच्याकडे तो देव्हाऱ्यात असतो, धान्याच्या कोठीत असतो. गाडीतही असावा म्हणून या माणसानं रिकामं भोक पाहिलं, त्यात कापूस कोंबला आणि तो पडू नये म्हणून वरून कापड चिकटवलं. ज्या भोकानं गाडी वाचायची, तेच यानं भक्तिभावानं बुजवून टाकलं. मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, हसूही आलं.

मी कापडाला हात घातला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"नोको काढू, दुर्गे. मी बिमार पडलो तवापासून घरातलं काईच जागचं हलवलं नाही मी. भेव वाटते."

माझं हसू जागच्या जागी विरलं. हा दोन वर्षं मनात एवढं धरून बसला होता आणि मला वाटत होतं, तो नुसता कंटाळला आहे. नत्थुजींनी दोन कप चहा बॉनेटवर आणून ठेवला आणि ते उगाच चाकाकडे पाहू लागले.

"आयका," मी हळू म्हटलं. "पयला कापूस आपन फेकून नाही देऊन राहिलो. त्याची जागा बदलून राहिलो. तुमी काढा. तुमच्याच हातानं."

मी केसांतली पिन काढून त्याच्या हातात दिली. त्यानं आधी शर्टाच्या खिशाचं बटन सोडलं. मग वाकला. वाकताना त्याला धाप लागली, तरी मी मदत केली नाही. कापडाची कड उचकटली आणि पिनेला गुंडाळत तो कापूस बाहेर आला. पिवळा पडलेला, सरकीसकट, थोडा थोडा करून पुरा मूठभर. किशोरनं तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटन लावलं.

भोकात मी बोट घातलं. आत काहीतरी उचलून आलेलं लागलं. दाबलं. टक् वाजलं. चावी अर्धी फिरवली, तर मागून घूं असा आवाज आला. पुन्हा चावी बंद केली, पुन्हा डांबरावर आडवी झाले, पुन्हा सगळं कोरडं. मग गाडी सुरू केली. पहिल्या फटक्यात पेटली.

"क्लच ठीक हाय वाटते," नत्थुजी म्हणाले.

"क्लच ठीक हाय," मी म्हटलं. "तुमी पांढरा पट्टा मारा. लेकरं बी वाचतील, आमी बी."

चहा एका घोटात संपवला आणि निघाले.

अमरावतीच्या मैदानात बाराला पाच मिनिटं कमी असताना माझं नाव पुकारलं. माझ्या साडीच्या पाठीला डांबराचे डाग होते. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी डागांकडे पाहिलं आणि गाडी सुरू करायची खूण केली. चढ झाला, वळणं झाली. मग रिव्हर्सची पाळी आली. मी आरशात पाहिलं, तर मैदानाच्या कडेला निंबाखाली किशोर बसला होता, खिशावर हात ठेवून. मी क्लच सावकाश सोडला. गाडी दोन पट्ट्यांच्या मधून मागे गेली आणि बंद पडली नाही. साहेबांनी पास म्हटलं, संध्याकाळपर्यंत लायसन मोबाईलवर दिसेल म्हणाले.

परतताना किशोर खिडकीला डोकं टेकून होता. मला वाटलं, झोपला. खोलापूर मागे टाकलं, तर गतिरोधकावर चुन्याचा पट्टा मारलेला. वाकडातिकडा, पण लांबून दिसेल असा. मी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची.

"उद्या गुरुवार हाय," किशोर म्हणाला.

"हं."

"सातले निंगू. ऊन चढाच्या आत पोचू अकोल्याले."

मी पदराच्या टोकानं डोळे पुसले. डोळे भरले की समोरचं दिसत नाही, आणि गाडी मला चालवायची होती.