लिओरा स्टेशनची पाटी

बार्बोराने कणकेच्या गोळ्यात अंगठा इतक्या जोरात दाबला की तो आरपार गेला. बाहेर गाडी थांबली होती आणि गार्ड नेहमीच्या लांब सुरात ओरडत होता, "लिओरा! लिओऽरा!"

दिवसातून दोनदा हे ऐकावं लागायचं. फाटलेला गोळा तिने बाजूला आपटला, हात पुसले आणि आलुबुखाराचं सारण भरलेल्या गोड पावांची, तयार कोलाच्यांची टोपली उचलून ती फलाटावर निघाली. इंजिन टाकीखाली उभं राहून पाणी पीत होतं. ते पाणी तिच्या नवऱ्याच्या, मातेयच्या विहिरीचं. नेब्रास्काच्या त्या कोरड्या माळावर मातेय हाव्लिकने विहीर खणली, तिला पाणी लागलं, म्हणून रेल्वेने इथे स्टेशन टाकलं आणि स्टेशनाभोवती गाव झालं. हे सगळ्यांना मान्य होतं. नावाची गोष्टही सगळ्यांना पाठ होती, कारण मातेय ती दर वर्षी जुन्या वसाहतकऱ्यांच्या मेळाव्यात घोडागाडीवर चढून सांगायचा.

"रेल्वेचा मोठा साहेब माझ्या विहिरीवर पाणी प्यायला. तोंड पुसून म्हणाला, हाव्लिक, गावाचं नाव तू सांग. मी टोपी काढली आणि सांगितलं, लिओरा."

"पण ही लिओरा कोण रे, मातेय?" कुणीतरी हमखास विचारायचं.

मातेय नुसता मिशीत हसायचा. त्या हसण्याने बार्बोराच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

मातेयच्या एका फोटोवर भरवसा ठेवून ती लग्नासाठी बोहेमियाहून समुद्र ओलांडून आली होती. त्याआधी मातेयने आयोवात एका अमेरिकन शेतकऱ्याकडे दोन हंगाम काम केलं होतं. त्या शेतकऱ्याला मुलगी असणार. सोनेरी केसांची, नाजूक मनगटांची, जिचं नाव गार्डला गाण्यासारखं म्हणता येतं अशी. बार्बोराने तिला इतक्या वेळा डोळ्यांपुढे आणलं होतं की तिच्या पोशाखाच्या गुंड्याही तिला माहीत होत्या. बहिणीला पत्र लिहिताना ती आपल्या पत्त्यात गावाऐवजी विहिरीची खूण घालायची. स्टेशनच्या पाटीखाली ती कधी उभी राहायची नाही. उन्हात उभी राहील, पण त्या सावलीत नाही. आणि मातेय तर दर वसंतात शिडी लावून, जीभ दातांत धरून, पाटीवरचं एकेक अक्षर स्वतः रंगवायचा. घराचं कुंपण मात्र तसंच सोलवटत पडलेलं.

ती तुझी कोण, हे तिने वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिची मान तेवढी वाकत नव्हती.

आज गाडीला शेवटी एक चकचकीत खासगी डबा जोडलेला होता. त्यातून एक गुबगुबीत बाई उतरल्या, थेट पाटीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि बरोबरच्या माणसाला फोटो काढायला सांगू लागल्या. फोटो झाल्यावर त्यांची नजर टोपलीवर गेली.

"किती छान वास येतोय! दोन द्या. नाही, चार द्या. माझ्याच गावात मी उपाशी कशी राहू?"

"तुमचं गाव?" बार्बोरा म्हणाली.

"म्हणजे माझ्या नावाचं. मी लिओरा."

बार्बोराच्या हातातला कोलाच टोपलीत परत पडला. बाईंचे केस तपकिरी होते. मनगटं चांगली जाडजूड होती. वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस.

"तुम्ही... आयोवाच्या का?"

"छे, शिकागोची. माझे वडील रेल्वेत मोठे अधिकारी होते. ही लाईन टाकली तेव्हा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ते नावं घालत बसले होते. इडिथ, ऑगस्टा, लिओरा, मेबेल. आम्ही चौघी बहिणी. मी तेव्हा सहा वर्षांची, माझं नाव आधी घाला म्हणून रडून गोंधळ घातला होता म्हणे."

"आणि मेबेलच्या पुढचं स्टेशन? सीझर?"

"तो आमचा कुत्रा," बाई खुदकन हसल्या. "मुली संपल्या ना!"

सीझरचे लोक सम्राटाच्या नावाचं गाव म्हणून केवढा तोरा मिरवायचे. दुसरी कुठली वेळ असती तर बार्बोरा पोट धरून हसली असती. तिने चार कोलाचे कागदात बांधून दिले. गाडी गेली. एका सहा वर्षांच्या रडक्या पोरीवर आपण अर्धं आयुष्य जळलो, हे तिच्या डोक्यात शिरायला दुपार गेली.

संध्याकाळी मातेय पवनचक्कीला तेल घालून आला आणि टेबलाशी बसला. तिने कोबीचं सूप त्याच्यासमोर ठेवलं.

"आज लिओरा आली होती."

त्याचा चमचा वाटेतच थांबला.

"कोणती लिओरा?"

"साहेबाची मुलगी. गाव वसलं तेव्हा सहा वर्षांची होती. तुझ्या विहिरीवर कोण साहेब पाणी प्यायला रे?"

मातेयने चमचा खाली ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कुणी नाही," तो म्हणाला. "एक दिवस आले, पाटी ठोकली आणि गेले. विहीर माझी, जमीन माझी, आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. लोक विचारायला लागले, हे नाव कुठून आलं. काय सांगू? मला माहीत नाही म्हणू?"

"लोकांचं सोड. मला का नाही सांगितलंस?"

तो पावाचा तुकडा कुस्करू लागला.

"तू जळायचीस," तो पुटपुटला. "नुसत्या फोटोवर आलेली बायको. मी कसा दिसलो, आवडलो की नाही, कधी बोलली नाहीस. पण ते नाव निघालं की भांडी आदळायचीस. मला बरं वाटायचं गं."

बार्बोराला त्याच्या डोक्यावर पातेलं उपडं करावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. दोन्ही गिळून तिने एवढंच विचारलं,

"आणि खरंच विचारलं असतं तर? काय नाव सांगितलं असतंस?"

पळी हातात धरून ती थांबली. मातेयने छताकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. प्रश्न त्याला मनापासून आवडलेला दिसत होता.

"हाव्लिक," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "तुझंही तेच की आडनाव!"

तिने त्याच्या ताटलीत आणखी एक पळी सूप वाढलं, जरा जोरातच. थोडं टेबलावर सांडलं.

"बरं झालं विचारलं नाही ते," ती म्हणाली. "आणि हे बघ, यंदा पाटी मी रंगवणार. तू कुंपण घे."

"पाटी? अगं, पण ती पाटी तर दर वर्षी मीच..."

"का?" बार्बोरा त्याच्या समोर बसली आणि तिने आपलं सूप पुढे ओढलं. "ती तुझी कोण?"