द्रुपदाबाईचा श्वास

कासराभर दिवस वर आला होता आणि अंगदच्या रानात बसायला जागा उरली नव्हती. चौसाळ्याच्या बाजाराला निघालेल्या बायासुद्धा पाट्या डोक्यावर घेऊन बांधावर थांबल्या होत्या. मधोमध कोरड्या बोअरचा लोखंडी पाईप गुडघाभर वर आलेला. त्याच्यावर एक काळा माठ पालथा घालून चिखलाने लिंपला होता. माठाच्या बुडाला भोक पाडलेलं आणि त्या भोकावर हिरव्या खणाचा तुकडा एका टोकाने दोऱ्याला बांधलेला.

माठातून आवाज येत होता. माणूस श्वास ओढतो आणि सोडतो. हा श्वास मात्र नुसता ओढलाच जात होता. लांब, घोगरा, कष्टाचा. ऐकणाऱ्याच्याच छातीवर दडपण यायचं.

"ऐका," माठ मांडणारा देवऋषी म्हाळूबुवा म्हणाला. "वळखीचा हाय का न्हाई दम?"

अंगदने मान खाली घातली. ओळखीचा होता. त्याची बायको द्रुपदा मागच्या उन्हाळ्यात याच रानात दम्याच्या झटक्याने गेली. शेवटचा श्वास तिने ओढला आणि तो सोडायला तिला जमलं नाही, असं जवळ असलेल्या बाया सांगतात. तिला रानातच अग्नी दिला. त्यानंतर हा बोअर श्वास घ्यायला लागला.

बुवाने रीत ठरवून दिली होती. सवाल करायचा. खण भोकातून आत ओढला गेला तर 'हो', वर उडाला तर 'न्हाई'. "बाई कुणाची भीड धरीत न्हाई," बुवा सांगायचा. "आमदाराला बी तेच सांगंल अन् गुराख्याला बी तेच. पण एका बैठकीला एकच सवाल. मेलेल्या माणसाला लई बोलवत न्हाई, दम लागतो." मेल्यावरही दमा बरा होत नाही, हे त्याच्याकडूनच मला कळलं.

त्या सकाळी बुवाने स्वतःच विचारलं, "द्रुपदाबाई, पोरगी आमच्या भाच्याला देयाची का?"

खण सरकन आत गेला. माणसांनी हात जोडले. येत्या सोमवारी पाहुण्यांसमोर पुन्हा विचारायचं आणि सुपारी फोडायची, असं तिथल्या तिथे ठरलं.

द्रुपदाची पोरगी मागे उभी होती. प्रियदर्शनी, वय पंधरा, नववीत. माझी विद्यार्थिनी.

मी निवृत्त शिक्षक. आठवड्यातून एकदा गावच्या शाळेत नववीला एक तास घेतो. वेळापत्रकात त्याचं नाव मूल्यशिक्षण आहे, पोरं त्याला 'कशावरून'चा तास म्हणतात. देव आहे का, नवस का फेडायचा, चांगल्या माणसाला दुःख का होतं, असले प्रश्न आम्ही तिथे घेतो. उत्तर मी देत नाही. कुणी उत्तर दिलं की 'कशावरून' एवढंच विचारतो.

त्या आठवड्यात प्रियदर्शनी उभी राहिली. "सर, मेलेलं माणूस बोलतं का?"

"कोण बोललं?" मी विचारलं.

"आई. खण आत गेला."

मागच्या बाकावरून शहादेव म्हणाला, "सर, मी बी इचारलं होतं, गणितात पास होईन का. द्रुपदाकाकू हो म्हणल्या."

"मग?"

"मग काय, तुमीच बघितला की निकाल."

वर्ग हसला. प्रियदर्शनीच्या ओठांवरही हसू आलं आणि गेलं.

"ती कधी 'नाही' म्हणते का?"

"म्हणती की," स्वप्नाली म्हणाली. "माझ्या मामीला न्हाई म्हणली. दुपारच्याला गेलती मामी."

"सकाळी जाऊन कुणाला 'नाही' मिळालंय?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकही हात वर आला नाही. "आणि दुपारी कुणाला 'हो'?" तेव्हाही नाही.

"म्हणजे ती आई न्हाई, असं म्हणताय तुमी," प्रियदर्शनी म्हणाली.

"मी काहीच म्हणत नाही. मी एवढंच विचारतोय, ती आई नसती, नुसता वारा असता, तर आपल्याला कसं कळलं असतं?"

ती फळ्याकडे बघत म्हणाली, "उलटा सवाल इचारला असता. लगेच, त्याच बैठकीला. पण बुवा इचारू देत न्हाई."

"कावून?" अशफाक म्हणाला. अशफाकच्या घरची ओढ्याच्या पलीकडे पेरूची बाग आहे. "सर, आमच्या बागेत बी कोरडा बोअर हाय. वर फरशी ठिवलीय. काढून बघू का?"

"मोठ्या माणसाला बरोबर घे. पाईपावर वहीचा कागद धरून बघ."

"अन् आतून कुणी निघालं तर?"

"नाव विचारून ठेव."

तास संपला. सगळे गेले, प्रियदर्शनी थांबली.

"सर, मी रोज सकाळी तिथं जाते. माठाच्या भोकावर हात ठिवला की तळवा आत ओढला जातो. आई जवळ ओढायची तसा. उलटा सवाल इचारला तर ते जाईल ना?"

खोटं बोलून तिला धीर देता आला असता. "जाईल बहुतेक," मी म्हणालो. "पण तू विचारलंच पाहिजेस असं नाही. हे लग्न कायद्याने थांबवता येतं. ते मी बघतो."

"कायद्यानं लगीन थांबंल, सर. पण बाबाला जलमभर वाटत राहील, द्रुपदाचं ऐकलं न्हाई म्हणून. रातचं उठून रानात जातो तो. तिथंच बसून राहील."

ही पोर मला शिकवून गेली, की माणसाला नुसतं वाचवून भागत नाही. त्याच्या कानातला आवाजही काढावा लागतो.

सोमवारी सकाळी पाहुणे सतरंजीवर बसले होते. बुवाने ऊद पेटवला, डोळे मिटले, सवाल केला. खण आत गेला. सुपारी पुढे आली.

"थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. "मला आईला एक इचारायचंय."

"एका बैठकीला एकच," बुवा म्हणाला. "बाईला दम लागंल."

"तुमी आईला रोज इचारता. मी एकदा बी न्हाई इचारलं."

अंगद पहिल्यांदा बोलला. "पोरगी आईला इचारतीय, बुवा. इचारू द्या."

ती माठाजवळ बसली. खण बाहेर काढून सरळ केला. "आई, मी लगीन न करता शाळा शिकू का?"

खण सरकन आत गेला. मघाइतकाच.

तिने तो पुन्हा काढला. "आई, मी शाळा सोडू का?" आत. "आई, बाबानं हे रान इकावं का?" आत. मग आवाज अगदी बारीक करून ती म्हणाली, "आई, तू हितं न्हाईस ना?"

खण आत गेला.

मी बागेतल्या बोअरजवळ थांबलेल्या अशफाकला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"सर, हितं बी कागद आत ओढतोय," पलीकडून तो म्हणाला. "दुपारी बाहेर फेकतो. चार दिस बघतोय मी."

"बाई तिकडं बी हिंडत असंल," बुवा म्हणाला. "आत्म्याला ओढा आडवा येतो व्हय?"

"हितं कुणीच मेलेलं न्हाई, बुवा," अशफाक म्हणाला. "दादी हाय, पण ती हितं उभी राहून मला शिव्या देतीय."

बांधावर कुणीतरी हसलं आणि दबलेली माणसं जरा मोकळी झाली. मग मी सांगितलं. आपल्या काळ्या दगडाला खोलवर भेगा असतात, त्यांत हवा भरलेली असते. सकाळी बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो, तेव्हा कोरडा बोअर हवा आत ओढतो. दुपारी दाब उतरतो, तेव्हा तीच हवा बाहेर येते. रोज येते, कुणी मेलेलं असो वा नसो. माठाने त्या हवेला आवाज दिला. आणि हे वेळापत्रक ओळखून बुवाने आपले सवाल सकाळी ठेवले, ज्यांना 'न्हाई' सांगायचं त्यांचे दुपारी.

"मग आदी कावून येत नव्हता आवाज?" अंगद माझ्या अंगावर आल्यासारखा म्हणाला. "ती असताना कावून न्हाई?"

"बोअरवर तेव्हा काय होतं?"

"दगड." त्याची नजर लिंबाखाली गेली, जिथे द्रुपदाला अग्नी दिला होता. तिथे एक चपटा दगड हळदीकुंकू लावून ठेवलेला होता. "तिच्या जागंवर ठिवायला मीच उचलून नेला," अंगद म्हणाला आणि माठाशेजारी बसला.

पाहुणे उठले. त्यांच्या मागोमाग बुवाही, ऊद तसाच जळत ठेवून.

जमलेल्यांना मी एवढंच म्हणालो: "देव माना, न माना, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी देवाच्या किंवा मेलेल्याच्या नावाने हुकूम सांगितला, तर त्याच जागी, त्याच वेळी उलटा प्रश्न विचारून बघा. जो विचारू देणार नाही, त्याला सुपारी देऊ नका. आणि ज्याच्या जन्माचा प्रश्न आहे, त्यालाही एकदा विचारा."

रान रिकामं झालं. अंगद उठला नाही. उन्हं चढली, माठातला आवाज हळूहळू बंद पडला. मग जरा वेळाने खण फडफडला आणि वर उडाला. आता एकच लांब उसासा बाहेर येत राहिला. आम्ही तिघं ऐकत होतो. सगळं समजूनही माझ्या अंगावर काटा आला.

"सर," प्रियदर्शनी म्हणाली, "मग आई कुठंय?"

"मला माहीत नाही, बाळा. कुणालाच माहीत नाही. जो माहीत आहे म्हणेल, त्याला काय विचारायचं ते तुला ठाऊक आहे."

अंगदने लेकीकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. "तुला काय पायजे, पोरी?"

"धावी करायचीय. पुढं बी शिकायचंय." तिने माठाकडे बघितलं नाही. "अन् तेवढा तो माठ काढा, बाबा. मला कळतंय की हवा हाय. पण तिला दम लागल्यावानी वाटतं."