बाबांच्या पसंतीचे टायर

आमच्या घरात गाडी चालवता न येणारा माणूस एकटा मी. मी दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून साचे येतात आणि मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून घासत, तासत असतो. खिडकीतून समोरच अंगण आणि फाटक दिसतं. त्यामुळे पिकअपवरून माझ्या बायकोचं आणि बाबांचं जे काही झालं, ते सगळं मी हातात कुणाचा तरी वरचा जबडा धरून पाहिलेलं आहे.

बायको कचेऱ्यांना झाडं भाड्याने देते. दर आठवड्याला कोमेजलेल्या कुंड्या उचलायच्या, टवटवीत ठेवायच्या. सात वर्षं हे काम तिने एका तीनचाकी डिझेल टेम्पोवर रेटलं. रिकामा पिंप जिन्यावरून गडगडत यावा तसा त्या टेम्पोचा आवाज होता. एके दिवशी त्याच्या हौद्याचा पत्रा गंजून खाली आला आणि एक मोठी कुंडी भर रस्त्यात बसली. त्या संध्याकाळी पिकअप घ्यायचं ठरलं.

"डिझेल," बाबा म्हणाले. त्यांना अजून कुणी विचारलंही नव्हतं.

बाबांनी बस डेपोत चौतीस वर्षं इंजिनं उघडली. बस फाटकातून आत शिरतानाच तिचा आजार ते ओळखायचे म्हणे. इंजिनाच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा. पण सूनबाईही तयारीत होती.

"बाबा, माझा दिवस कसा असतो सांगा. दोन किलोमीटर गेले की थांबा, कुंड्या उतरवा, परत दोन किलोमीटर. इंजिन धड तापतही नाही. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत जाळी असते. गाडी लांब पळाली, चांगली तापली, तरच तिच्यातली काजळी जळते. माझ्या गाडीची जाळी चार महिन्यांत तुंबेल."

"आमच्या वेळी नव्हती असली जाळी."

"तुमच्या वेळी बसच्या मागे उभा राहिलेला माणूस काळा होऊन घरी जायचा."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते चहाच्या कपात लपवलं. "आणि ओढ? ओल्या मातीच्या चाळीस कुंड्या चढावर ओढेल तुझं पेट्रोल?"

"ओढलं. काल विकणाऱ्याच्या दारातच भरून चालवून पाहिलं मी."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय मत?" मी तोंडावरचा मास्क काढलाच नाही.

पेट्रोलची पिकअप आली. पांढरी, दोन माणसांची केबिन, मागे सहा फुटी हौदा. आधीचा मालक रंगाची कंत्राटं घेणारा होता, म्हणून हौद्यात जागोजागी निळे-हिरवे शिंतोडे. बाकी गाडी ठणठणीत. इंजिन इतकं मऊ चालायचं की चालू आहे की बंद, हे मला काटा बघितल्याशिवाय कळेना. बायको हरखून गेली. बाबांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "शिवणयंत्र आहे."

खरी कुरबुर पहिल्याच आठवड्यात सुरू झाली, ती फाटकावरून. आमचं फाटक लोखंडी, जड, रुळावर ढकलायचं. टेम्पोच्या काळात ते उघडणं हे बाबांचं काम. दुपारी चारच्या सुमाराला ते अंगणात खुर्ची टाकून बसत, टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला की उठत, आणि बायको वळेपर्यंत फाटक सताड उघडं असे. सात वर्षांत तिला एकदाही खाली उतरावं लागलं नव्हतं. आता ती फाटकाला नाक लावून उभी राही आणि बाबा खुर्चीतच. एकदा दोन मिनिटं वाट पाहून तिने हॉर्न वाजवला.

बाबा ताडकन उठले. "सासऱ्याला हॉर्न मारून बोलावतेस?"

"मग काय करू? तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

"मी विचार करत होतो," बाबा म्हणाले.

त्यानंतर ती मुकाट्याने उतरून स्वतःच फाटक ढकलू लागली. बाबांना ते हॉर्नपेक्षाही लागलं असावं. दोन दिवस ते तिला "मालकीणबाई" म्हणत होते.

मग त्यांनी गाडी सजवायला घेतली. एक दिवस दारांखाली पायरीच्या नळ्या आल्या, पुढच्या आठवड्यात बंपरवर फॉग लॅम्प, मग आरशांना चकचकीत टोप्या. प्रत्येक वस्तूमागे कारण होतंच. पायरी कमरेसाठी, लॅम्प धुक्यासाठी. आमच्याकडे धुकं वर्षातून तीन दिवस पडतं. बायको कपाळावर हात मारून घ्यायची, पण संध्याकाळी ओल्या फडक्याने त्या टोप्या पुसताना मी तिला पाहिलं आहे.

टायरच्या वेळी मात्र तिचा संयम संपला. ती दोन दिवस बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात बाबांच्या ओळखीचा टायरवाला, त्यांच्याबरोबर डेपोत काम केलेला, व्हॅन घेऊन आला. बाबा मला म्हणाले, "हवा तपासायला आलाय." मी मान हलवली. जेवायला उठलो तेव्हा अंगणात पिकअप चार बोटं उंच झाली होती. चिखलात, डोंगरात घालायचे रुंद टायर, तळहाताएवढे गोटे असलेले. शिवणयंत्राला कुणी पैलवानाचे बूट घातल्यासारखं दिसत होतं.

बायको परत आली, एक फेरी मारून आली आणि केबिनमधून उतरली ती थेट माझ्या खिडकीपाशी.

"पूर्ण वळवलं की चाक मडगार्डला घासतं. स्टिअरिंग दगडासारखं झालंय. हौदा इतका वर गेलाय की मोठी कुंडी मला एकटीला चढवता येत नाही. आणि आवाज! सबंध रस्ताभर भुंगा कानाशी घोंघावतोय. तू घरात होतास ना?"

"हवा तपासणार होते म्हणाले."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली कवळी खाली ठेवली. "चल. आत्ताच्या आत्ता बदलून आणू."

टायरवाला दुकानाच्या दारात एका चाकातून खिळा उपसत होता. बायकोने जुने टायर परत मागितले. त्याने ते मागच्या भिंतीशी जपून ठेवले होते. पण त्याचा चेहरा पडला.

"ताई, मी सांगितलं होतं त्यांना. शहरात चालवायला हे टायर नकोत, पेट्रोल जास्त खातील, गाडी उसळवतील. पण ते ऐकायला तयार नव्हते. त्यांनी नक्षी पाहिली नाही, कंपनी विचारली नाही. एकच विचारलं."

"काय?"

"सगळ्यात जास्त आवाज कुठला टायर करतो."

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण बायको भिंतीशी रचलेल्या टायरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे काका. उद्या येते."

येताना गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. "इथून चालत जाऊ."

बाबा फाटकाच्या आत उभे होते, हात गजांवर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून. आम्ही समोरून चालत गेलो. दहा पावलांवर आलो, सहा पावलांवर आलो. बायको थांबली. मीही थांबलो. बाबा आमच्याकडेच बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. एकदा त्यांनी मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने पाहिलं, मग पुन्हा कान टवकारून गल्लीच्या तोंडाकडे वळले.

केसाएवढा चढउतार झाला तरी मला कवळीत दिसतो. आणि घरातला माणूस कपाबाहेर चहा ओततो, भिंतीला हात लावून न्हाणीघरात जातो, वर्तमानपत्र उघडून नुसतं मांडीवर ठेवतो, त्याला मी वय झालं म्हणत होतो.

"बाबा," बायको म्हणाली.

ते दचकले. "कोण? तू? गाडी कुठाय?"

"कोपऱ्यावर. कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं की."

"माझ्या साडीचा रंग सांगा."

तिने पँट घातली होती. बाबा गजांवर बोटं फिरवत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "वर्ष झालं असेल. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग येतो. कडेकडेचं दिसतं. गाडी आलेली कळते, कुणाची ते कळत नाही. मागच्या महिन्यात तू समजून पाण्याच्या टँकरला फाटक उघडलं. तो सरळ आत आला."

"म्हणून डिझेल?"

"टेम्पो मला दोन गल्ल्या आधी ऐकू यायचा," बाबा म्हणाले. "दिवसभर दुसरं काम तरी काय आहे मला?"

बायकोने फाटकातून हात आत घालून त्यांच्या हातावर ठेवला. मग रागावलीच. "आणि सांगायला काय झालं होतं? मी कोपऱ्यावरून फोन केला असता."

"फोन आल्यावर कुणीही उघडेल फाटक," बाबा म्हणाले. "त्यात काय आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरवाल्याकडे न जाता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. पडद्याच्या मध्यभागाचा आजार होता. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गेलं ते येणार नाही. उरलंय ते महिन्या-दोन महिन्यांनी इंजेक्शनं घेऊन टिकवता येईल. "उशीर केलात," त्या म्हणाल्या. बाबांनी मान खाली घातली, आणि मीही. बायकोने तेवढ्यात पुढच्या तारखा लिहून घेतल्या. इंजेक्शन डोळ्यात देतात हे कळल्यावर मला घाम फुटला, बाबा म्हणाले, "इंजेक्टर साफ करायचा म्हणजे सुई आलीच."

टायरचा निकाल त्या रविवारी लागला. बायकोनेच टायरवाल्याला बोलावलं आणि म्हणाली, "गोटेवाले उतरवा. पण माझे जुनेही नकोत. चाक घासणार नाही, हौदा वर जाणार नाही, आणि बाबांना ऐकू येतील, असे बघू." तो चार-चार टायरांचे तीन जोड घेऊन आला. बाबांची खुर्ची फाटकाशी मांडली. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. टायरवाला एक जोड चढवी, बायको गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येई, आणि बाबा डोळे मिटून ऐकत.

पहिल्या जोडाला म्हणाले, "कोण गेलं? मांजर?"

दुसऱ्याला, "हा खोकतोय. नको."

तिसरा जोड मधल्या नक्षीचा होता. डांबरी रस्त्यालाही चालेल आणि रोपवाटिकेच्या मातीलाही. गाडी वळणावर आली, मला काहीच ऐकू आलं नाही. बाबा खुर्चीवरून उठले. ते फाटकापाशी पोचले, दोन्ही हात लावून ढकललं, रूळ करकरला, आणि तेव्हा कुठे मला तो बारीक घुमल्यासारखा आवाज कानी पडला. बायको थांबलीच नाही. गाडी तशीच वळली आणि उघड्या फाटकातून आत आली.

केबिनमधून उतरून ती टायरवाल्याला म्हणाली, "हेच." त्याच्याकडे बघायचं टाळून ती बराच वेळ नट तपासत राहिली.

चकचकीत टोप्या तिने ठेवल्या. फॉग लॅम्पही ठेवले. वर बाबांना विचारलं, "रंग कुठला नीट दिसतो तुम्हाला?" बाबा म्हणाले, पिवळा. बायकोला पिवळ्या रंगाचा लहानपणापासून तिटकारा. आमच्या घरात पिवळी उशीसुद्धा नाही. तिने गाडी रंगाऱ्याकडे टाकली आणि पाच दिवसांनी पिवळीजर्द पिकअप घ्यायला आम्ही तिघं गेलो.

रंगारी अभिमानाने बाजूला उभा राहिला. गाडी झगमगत होती. बाबा तिच्याभोवती फिरले, तळहात पत्र्यावर ठेवून, सावकाश. बॉनेट, मडगार्ड, हौदा, मागचा फाळका. ड्रायव्हरच्या दारावर त्यांचा हात थांबला. पुढे गेला, परत मागे आला.

"इथे रंग घाईत मारलाय. संत्र्याची साल लागतेय हाताला."

रंगारी वाकला, डोळे बारीक करून तिरप्या उजेडात बघत राहिला. "काका, काहीच दिसत नाही."

"दिसतंय कुठे म्हणालो मी? हात लाव."

त्याने हात लावला. बायकोने लावला. मीही लावला, आणि कवळ्या घासणाऱ्या माझ्या बोटांना ती खरखर लागलीच. रंगारी ओशाळला. दार परत घासावं लागेल, दोन दिवस लागतील म्हणाला. पण सोमवारी सात कचेऱ्यांच्या कुंड्या बदलायच्या होत्या. तेव्हा त्याने तिथल्या तिथे दार घासून त्याला राखाडी अस्तर मारलं आणि बायको गाडी तशीच घेऊन निघाली, सगळी पिवळी आणि एक दार राखाडी. शेजारच्या सीटवर बाबा, मधल्या फटीत कसाबसा मी.

सोमवारी पहिल्याच कचेरीच्या दारात पहारेकरी हसला. "नवी गाडी ना? मग हे दार असं का?"

"बाबांनी अजून पास केली नाही," बायको म्हणाली आणि फाळका उघडायला उतरली.