वजीर बैलाचे चारखणी पोट

मी एक जुना बैल आहे आणि माझ्या पोटाला चार खण आहेत. मित्रांनो, तुमच्या पोटाला एकच खण आहे. तरीही ज्याला काही समजत नाही, त्याला तुम्ही 'बैल' म्हणता. खुशाल म्हणा. माझी हकिगत ऐकून झाली की पुन्हा एकदा म्हणून दाखवा.

माझे नाव वजीर. जात लाल कंधारी, रंग भाजलेल्या विटेसारखा. गंगाखेडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी रायभानच्या गोठ्यात माझा जन्म झाला. काळ्या रानात मी नांगर ओढला, तिफण ओढली, कारखान्याला उसाच्या गाड्या नेल्या. जनावरांच्या प्रदर्शनात एकदा माझ्या शिंगांना फेटा बांधला गेला. तेव्हा रायभान माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ह्यो बैल न्हाई, माझा थोरला भाऊ हाय." पुढे ट्रॅक्टर आला, माझे दात हलू लागले आणि थोरला भाऊ गोठ्याच्या मागच्या खुंट्याला गेला. पुढच्या खुंट्याला पाखऱ्या आला. तरणाबांड, चमकदार कातडीचा. मी मागे जाण्याआधी एक हंगाम आम्ही एका जुवाखाली चाललो. तो उगाच पुढे ओढायचा, मी त्याला आवरायचो. नंतर तोही चांगले चालायला शिकला.

आता पोटाविषयी सांगतो. पहिला खण सगळ्यात मोठा, डाव्या कुशीत, पाण्याच्या रांजणाएवढा. तिथे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जंतू राहतात. कडब्याचे धाट तुम्ही खाल्ले, तर ते जवळजवळ जसेच्या तसे बाहेर जाईल. माझे जंतू ते आंबवतात आणि फोडतात. त्यातून जो रस सुटतो, तो त्या खणाची भिंतच शोषून घेते. मी चारा आधी भराभर गिळतो. मग सावलीत बसून एकेक घास पुन्हा तोंडात आणतो आणि बारीक चावतो. याला रवंथ म्हणतात. या घासाला वर लोटायला दुसरा, जाळीदार खण मदत करतो. रवंथ करताना भरपूर लाळ सुटते. तिच्यात खायच्या सोड्याचा गुण असतो, म्हणून पोट प्रमाणाबाहेर आंबत नाही. तिसरा खण पाणी शोषून घेतो. चौथा खण मात्र तुमच्या पोटासारखाच, आंबट पाण्याचा. तिथवर वाहून आलेले जंतू मी पचवतो. ज्यांना पोसतो, त्यांच्यावरच मी जगतो. पुढे लांबलचक आतडे उरलेसुरले शोषून घेते.

तुमच्याकडे यातला फक्त शेवटचा भाग आहे आणि तोही तुम्हाला नीट सांभाळता येत नाही. रायभान घास दोनदा चावतो, तिसऱ्यांदा बोलतो आणि पाण्याबरोबर ढकलतो. जेवल्यावर आडवा होतो. मग आंबट ढेकर देत आमच्यावरच ओरडतो.

यंदाच्या पोळ्याची गोष्ट. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली. रायभानची बायको कासाबाई हिने पाखऱ्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळले आणि म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग जुन्या सवयीने ती माझ्याकडे वळली.

"त्याला कशाला?" रायभान म्हणाला. "सण झाला की त्याला न्यायला यापाऱ्याचा टेम्पो यायलाय."

उरलेले लोणी तिने माझ्या खांद्याला पुसले.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्याची शिंगे रंगवली, पाठीवर झूल घातली. बैल मिरवत घरोघर गेले आणि घराघरातून पुरणपोळ्या आल्या. शेजारचा महारुद्र रायभानला म्हणाला, "का रे, तुझा पाखऱ्या पोळी खातो का नुसती हुंगतो?"

"हुंगतो? आरं, तुझ्या दोनी बैलांचं एकटा खाईल!"

एवढ्यावर माणसाचे भान सुटते. बैलाच्या पोटात काय पचते याचा विचार न करता, किती मावते यावर दोन शहाणी माणसे इरेला पेटली. पोळीवर पोळी गेली. घरी आल्यावर वर ठोंबरा ठेवला, म्हणजे शिजवलेली ज्वारी, गूळ घालून. पाखऱ्या अडाणी. गोड लागले, खात गेला. मला मागच्या खुंट्यावर रोजचा कडबा मिळाला. "म्हाताऱ्याला काय कळतंय सण," असे कोणीतरी म्हणाले.

संध्याकाळी पाखऱ्याने रवंथ केला नाही. रवंथ थांबला की पोट बिघडले, हे आमच्या वासरालाही कळते. रायभान म्हणाला, "पोट भरलंय, गप बसलाय." त्याचेही पोट भरले होते. त्याने पांढऱ्या पुडीचा फेसाळ घोट घेतला आणि झोपायला गेला.

सकाळी पाखऱ्या उठेना. डावी कूस फुगली होती, डोळे खोल गेले होते, तो दात खात होता. रायभानने मीठ-मिरच्या ओवाळल्या. "महारुद्राची नजर लागली," म्हणाला.

"तुमी रात्री स्वताची नजर उतरवली का पुडी घेतली?" कासाबाई कडाडली. तिने तिथेच उभ्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर दीपिका स्कूटीवरून आल्या. त्यांनी पाखऱ्याची कूस दाबली, शेण पाहिले, तोंडाचा वास घेतला.

"काय खाल्लं यानं, काका?"

"सणाचंच. पोळ्या. अन् जरासा ठोंबरा."

"जरासा म्हणजे?"

रायभान छपराकडे पाहू लागला. कासाबाईने कोपऱ्यातले घमेले दाखवले. "ते भरून. दोनदा."

"गोड आणि धान्य एकदम गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "रवंथ नाही, म्हणून लाळ नाही. पोट आंबलंय, चारा पचवणारे जंतू मेलेत." त्यांनी नळीने आंबलेले पाणी बाहेर काढले, सोडा दिला, शिरेतून सलाइन लावले. "आता नवे जंतू पाहिजेत. चांगल्या जनावराच्या पोटातलं पाणी काढून याला पाजू. त्याशिवाय याचं काही खरं नाही. पण काल पोळ्या न खाल्लेलं जनावर आणा."

रायभान धावत गेला आणि घाम पुसत परत आला. "मॅडम, गावात पोळ्या न खाल्लेलं एक बी जनावर न्हाई." एवढ्या संकटातही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

कासाबाईने मागच्या खुंट्याकडे हात केला. "त्यो हाय की. त्याला कुठं दिलं तुमी काय?"

मला पुढे आणले. मित्रांनो, दात हलत असले तरी माझा जबडा मिटला, तर तो उघडायला चार माणसे पुरत नाहीत. टेम्पोचे मला माहीत होते. या लोकांसाठी मी तोंड उघडले नसते. पण पाखऱ्याने माझ्याकडे पाहिले, पहिल्यांदा जू मानेवर आले तेव्हा पाहिले होते तसेच. मी तोंड उघडले. माझ्या पोटातले हिरवे, कोमट पाणी नळीतून बादलीत आले. रायभानने नाकाला उपरणे लावले. आमच्या शेणाने सारवलेल्या अंगणात बसून जेवणारा माणूस तो! डॉक्टरांनी ते पाणी फडक्यातून गाळले आणि पाखऱ्याच्या पोटात सोडले.

तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या सकाळी पाखऱ्याच्या गळ्यातून एक गोळा सरकत वर आला. त्याचा जबडा हळूहळू हलू लागला. कासाबाई त्याच्यापाशी बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

तेवढ्यात टेम्पोने हॉर्न वाजवला. कासाबाई उठून दारात उभी राहिली. "माघारी न्या. बैल द्यायचा न्हाई."

"मावशी, म्हातारं जनावर ठेवून काय करता?" ड्रायव्हर म्हणाला.

"डागतर हाय त्यो आमचा."

कारखान्याला ऊस ओढला तेव्हा भाऊ, दात हलले तेव्हा ओझे, आता डॉक्टर. मी तोच आहे, पोटही तेच आहे. पण गरज पडल्याशिवाय माणसाला शेजारचे जनावर दिसत नाही.

मग रायभान आला. डोळे भरलेले, हातात उरलेल्या पुरणपोळ्यांची चवड, वर तुपाची धार. "खा वजीरा, खा. लय उपकार झाले."

मी त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली. कासाबाईने ती चवड हिसकावली. "आवं, कालच शिकलात ना! कडबा टाका त्याला!"

मित्रांनो, पुढच्या सणाला आमची शिंगे रंगवा, खांद्याला लोणी चोळा. पोळीचा घास तोंडाला लावण्यापुरताच द्या. जेवायचे आवतण देताना समोरच्याला काय पचते, ते आधी पाहा. मग पुढ्यात चारा टाका आणि बाजूला व्हा. सावलीत डोळे मिटून जबडा हलवणाऱ्या म्हाताऱ्या बैलाला उठवू नका. तो रिकामा बसलेला नसतो.