अस्तराचा हात

गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. छापील फलक आले आणि ब्रश खुंटीला टांगावे लागले, तरी नाव मात्र चिकटून राहिलं. त्याच्या बायकोला लोक चित्रकार म्हणायचे. हा फरक त्याला पहिल्यापासून मान्य होता, फक्त तिच्यासमोर तो कबूल करत नसे.

ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. आधी कागदावर, मग काचेच्या मोठ्या टॅब्लेटवर, प्लास्टिकच्या पेननं. "रंगाला वास नाही, हाताला डाग नाही, याला काय चित्र म्हणायचं?" असं पेंटर कुरकुरायचा. त्यावर ती दोन बोटं काचेवर टेकवायची आणि शेवटची रेघ गायब व्हायची. "याच कामाला तुम्हाला रॉकेल आणि चिंधी लागायची," ती म्हणायची. पेंटर मिशीवरून हात फिरवून विषय बदलायचा.

मग तिचे डोळे बिघडले. डोळ्यांच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या, डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली. दर वेळी बाहेर आल्यावर पेंटर विचारायचा, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि ती म्हणायची, "ठीक आहे म्हणाले." पेंटरचा जीव भांड्यात पडायचा. ठीक म्हणजे ठीक, त्यानं कधी फोड करून विचारलं नाही. ती पेल्यात बोट बुडवून पाणी ओतायची, तेव्हा त्याला वाटायचं, काय हा गबाळेपणा. ती त्याच्याशी बोलताना कपाटाकडे बघायची, तेव्हा त्याला वाटायचं, आपल्यावर रुसली आहे. माणसाला जे नको असतं त्याकडे तो किती सफाईनं कानाडोळा करतो, ते पेंटरकडून शिकावं.

वर्षभर तिनं पेन हातात धरलं नव्हतं. अशात ज्या प्रकाशकाची पुस्तकं तिनं सजवली होती, त्याचा फोन आला. जुन्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं होतं. प्रत्येकानं एकच चित्र द्यायचं, आणि तेही रोज डोळ्यांसमोर असतं त्याचं. तिनं फोन ठेवला आणि हाक मारली, "अहो, उद्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. तुम्हाला काढते."

"मला? इतक्या वर्षांनी आठवण झाली होय!"

"हे माझं शेवटचं चित्र. एवढं एक खरं काढू द्या."

"शेवटचं कसलं? अजून शंभर काढशील," पेंटर म्हणाला. मनातून तो फुलून गेला होता. दुसऱ्या दिवशी दाढी गुळगुळीत करून, मिशी कातरून, चौकड्यांचा शर्ट घालून तो खुर्चीत बसला, लग्नाला उभा असल्यासारखा. बायको समोर बसली आणि कपाटाकडे बघू लागली.

"अगं, कपाट काढतेस की मला?"

"गप्प बसा. हलू नका."

असे कितीतरी दिवस गेले. ती टॅब्लेटची काच नाकाशी धरायची, मान तिरकी करायची, बोटांनी चित्र इतकं मोठं करायची की शर्टाचा एकच चौकोन काचभर पसरायचा. मग तेवढा चौकोन रंगवून पुढच्याकडे वळायची. दुपार संपेपर्यंत तिचे डोळे पाण्यानं भरून यायचे. चित्र तिनं त्याला बघू दिलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी काच टेबलावर ठेवून म्हणाली, "झालं. मी जरा पडते. सही उठल्यावर करीन."

ती आत गेल्यावर पेंटरनं काच उचलली. बघतो तर काय, खिडकी अशी की वारा यावा. पडद्याच्या चुण्या, खुर्चीची झिजलेली कड, शर्टाच्या चौकड्या, मांडीवरचे त्याचे हात, सगळं जागच्या जागी. आणि मधोमध, जिथं त्याचं तोंड असायला हवं, तिथं नुसता करडा डाग. कान नाही, नाक नाही, डोळे नाहीत. ओला बोळा फिरवून पुसल्यासारखं सगळं.

तिनं काय केलंय ते पेंटरच्या चटकन लक्षात आलं. निदान त्याला तसं वाटलं. हा अस्तराचा हात! पाटी रंगवताना आधी करडा हात मारून ठेवायचा आणि तो वाळला की वर अक्षरं काढायची, हे त्यानं जन्मभर केलं होतं. तिनं तोंडाला अस्तर मारून ठेवलं होतं आणि तोंड काही जमलं नव्हतं. थकली बिचारी. सांगायची लाज वाटली असेल.

आणि त्याला तिची दया आली. संसाराच्या सुरुवातीला ती पाट्यांवर बाह्यरेषा काढून द्यायची आणि हा रंग भरायचा. तिचं अर्धं काम त्यानं पुरं करायचं, यात नवीन ते काय? त्यानं भिंतीवरचा आरसा काढून समोर ठेवला आणि पेन हातात घेतलं. पहिल्या रेघा वाकड्या गेल्या, मग हात बसला. डोळे आले, नाक आलं. मिशी जरा जास्तच काळी केली. ती उठून चिडेल, "मिशी कसली, ब्रश आहे नुसता!" म्हणेल, मग हसेल, हेही त्यानं ठरवून टाकलं.

ती उठून आली. पेंटर मागे हात बांधून उभा राहिला, हसू दाबत. तिनं काच समोर उभी केली आणि बराच वेळ बघत राहिली. पेंटरचं तोंड तिच्या समोर होतं, मिशीसकट.

"बघितलंत ना?" ती म्हणाली.

"बघितलं," पेंटर म्हणाला आणि ओरडा खायला तयार झाला.

"मग आता कळलं असेल. मी तुमच्याकडे बघते तेव्हा हे असं दिसतं. खिडकी दिसते, खुर्ची दिसते, शर्ट दिसतो. मधे तुम्ही नसता."

पेंटरचं हसू तोंडावरच वाळून गेलं. त्यानं चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिचे डोळे थेट त्या काळ्याभोर मिशीवर होते.

"गेलं वर्षभर सांगायचं होतं," ती म्हणाली. "जमेना. म्हणून काढलं."

"पण ती इंजेक्शनं?"

"इंजेक्शनं आहे तेवढं धरून ठेवतात. गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही गाडी लावायला गेला होतात तेव्हा." तिनं कोपरा बोटांनी मोठा केला आणि नाक काचेला लावून सही केली. "घ्या, पाठवून द्या. मी चहा टाकते."

ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली. पेंटर मटकन खुर्चीत बसला, त्याच चित्रातल्या खुर्चीत. पाठवून दिलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. लोक म्हणाले असते, वा, नवरा काय हुबेहूब काढलाय. तिला तर कधीच कळलं नसतं. आणि नेमकं तेच त्याला सहन होईना. तिनं जीव गोळा करून एक खरी गोष्ट सांगितली होती आणि त्यानं वर मिशी काढून ठेवली होती.

त्यानं दोन बोटं काचेवर टेकवली. सगळ्यात आधी तिची सही गेली. पण आता थांबून चालणार नव्हतं. पुन्हा टेकवली, मिशीची एक बाजू गेली. मग दुसरी. मग ओठ, नाक, एक डोळा. स्वतःचं तोंड असं एकेक करून जाताना त्याला रडू आवरेना. शेवटी वाकड्या रेघा तेवढ्या उरल्या. त्यातली आपली पहिली कुठली आणि तिची शेवटची कुठली, हे त्याला कळेना. एक जरी बोट जास्त टेकलं तरी तिचं काही पुसलं जाणार होतं. श्वास रोखून त्यानं एकदा टेकवलं, मग आणखी एकदा. करडा डाग सलग झाला, तसा त्यानं हात झटकन मागे घेतला.

"गेलं का?" ती आतून म्हणाली.

"अगं, जरा इकडे ये. सही पुन्हा करायला लागेल. माझ्या हातून पुसली गेली."

ती कप घेऊन आली. कप टेबलाच्या कडेला चाचपून ठेवला. "तुमचा हात म्हणजे!" ती म्हणाली आणि पेन शोधू लागली. पेंटरनं ते तिच्या बोटांत दिलं. तिनं पुन्हा नाक काचेला लावलं, पुन्हा सही केली, मग थांबली.

"मधलं काही गेलं नाही ना?"

पेंटर तिच्या अगदी समोर उभा होता. ती त्याच्याकडेच बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "मधे काही नाहीये. तू काढलंस तसंच आहे."